अमरदीपच्या गाठी

निपाणीचा भीमरत्न कुठलाही माल घ्यायला गेला की आधी खिशातून लोहचुंबक काढायचा. जुन्या टीव्हीच्या स्पीकरमधला, काळा, कडेचा टवका उडालेला. पुढं केबल ठेवली की केबलला लावायचा, खोकं ठेवलं की खोक्याला. चिकटला की त्याचा चेहरा उतरायचा आणि चहासुद्धा न घेता तो उठायचा.

टिळकवाडीत नेटवर्कचा माल विकणारा नागेंद्र त्याला हसायचा. त्या दिवशी मी, त्याचा गल्लीतला दोस्त, बरोबर होतो. नागेंद्र म्हणाला, "अण्णा, भंगार घ्यायला आलाय की मशीन?" माझ्या ओठावर शिवी आली होती. भीमरत्ननं माझा हात दाबला म्हणून ती तोंडातच राहिली.

निपाणीपासून कोगनोळीच्या अलीकडच्या गावांपर्यंत भीमरत्नचं इंटरनेट चालतं. आधी तो आणि धाकटा भाऊ अमरदीप टीव्हीची केबल चालवायचे, पुढं काचेचा धागा आला. ह्या धंद्यात एक मुख्य मशीन असतं, ओएलटी म्हणतात. त्यातून उजेड निघतो, धाग्यावरनं पळतो आणि घराघरात लावलेल्या छोट्या डब्यात इंटरनेट होऊन बाहेर पडतो. भीमरत्नचं मशीन म्हातारं झालं होतं. दुपार झाली की तापून बंद पडायचं, की अख्खी गावं अंधारात. मोठ्या कंपनीची पोरं पत्रकं वाटत फिरत होतीच. त्या उन्हाळ्यात मशीन बदललं नाही तर धंदा गेला, इतकं सरळ होतं.

आणि भीमरत्नला मशीन निवडता येत नव्हतं. टिळकवाडीला जायचा, सगळं बघायचा, रिकाम्या हातानं परत यायचा.

नागेंद्रनं त्या दिवशी दोन मशीनं पुढं मांडली. एक स्वस्त, पण फक्त आपल्याच कंपनीचे डबे ओळखणारं. दुसरं महाग, कुणाचाही डबा चालवणारं. कुठलं बांधू, असं त्यानं विचारलं. भीमरत्न मशीनकडं बघेना. लोखंड नसलेली केबल दाखव म्हणाला. नागेंद्रनं कपाळाला हात लावला. केबल नंतर घ्या, आधी मशीन निवडा, असं त्यानं समजावलं.

भीमरत्न हळू आवाजात म्हणाला, "गेल्या वेळंला मी निवडलं, अन् अमऱ्या गेला. आता परत मलाच इचारताय व्हय?"

नागेंद्र हसायचा थांबला.

झालं ते असं. कोगनोळीच्या अलीकडं एका गावात दोन खांबांच्या मध्ये भरमू आप्पाचं घर येतं. लाईन ओढायची तर त्याच्या भिंतीला एक हूक लागत होता. एक हूक, अंगठ्याएवढा. अमरदीप स्वतः दारात गेला, चप्पल बाहेर काढून. भरमू आप्पा कट्ट्यावरनं म्हणाला, तुमच्या गल्लीची तार आमच्या भिंतीला नको. त्याच्या घरातली पोरं आज आमच्याच लाईनवरनं ऑनलाइन क्लास करतात, ते वेगळं. मधला आधार गेला म्हणून खांबापासून खांबापर्यंत एकच लांब झोका घ्यायची पाळी आली. तेवढा झोका पेलायला भीमरत्ननं पोटात लोखंडी तार असलेली केबल निवडली. दुकानात ती होती, परवडत होती, चालेल असं सगळेच म्हणाले. पावसाळ्यानंतर ती ढिली पडून खाली आली. अमरदीप ताण द्यायला चढला, वाऱ्यानं केबल हलली, पलीकडच्या विजेच्या तारेला लागली. लोखंडातनं करंट आला.

वीजवाल्यांनी नंतर आपली तार उचलून घेतली. आमची तिथंच राहिली, कारण पुढच्या गावांचं नेट तिच्यावरच होतं. आणि दोन्ही टोकांच्या गाठी अमरदीपच्या. तो डावखुरा. त्याच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा, लांबून ओळखू यायचा. त्या सोडायला कुणी शिडी लावेना. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, भूतखेत मानत नाही. पण वारा सुटला की ती ताणलेली केबल गुणगुणायची, आणि तिच्याखालनं जाताना मीसुद्धा गाडीचा वेग वाढवायचो.

नागेंद्रनं बिनलोखंडाची केबल काढली. लोहचुंबक तिच्यावरनं घसरला. भीमरत्नचा चेहरा सैल पडला. मग नागेंद्र म्हणाला की ही केबल एवढा लांब झोका घेणार नाही, मध्ये आधार लागणार.

म्हणजे परत तीच भिंत.

येताना संकेश्वरला आम्ही चहाला थांबलो. मी त्याला म्हणालो, "तू न्हाय मारलास त्याला. त्या भिंतीनं मारलं." तो म्हणाला, भिंत कुठं केबल निवडती.

दुसऱ्या दिवशी आम्ही भरमू आप्पाच्या दारात गेलो. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, सरकारी नियम तोंडपाठ करून. आप्पा कट्ट्यावर होता, तसाच. त्याची बायको मालुबाई आतनं आली. आम्ही तोंड उघडायच्या आत तीच भीमरत्नला म्हणाली, "ती तार काढ बाबा."

काय झालं म्हणून भीमरत्ननं विचारलं.

"वारं सुटलं की इचारतीया. आक्का, एक हूक लावू काय. त्या दिशी इचारलतं तसंच." तिनं पदर तोंडाला लावला. "मी दाराआड उभी हुते. माझ्याकडं बघूनच इचारलतं पोरानं."

मी भरमू आप्पाकडं बघितलं. त्यानं मान रस्त्याकडं फिरवली.

"आप्पांचं काय म्हणणं हाय?" मी मुद्दामच विचारलं.

मालुबाई म्हणाली, "त्यांस्नी काय इचारतोस. रात्री उठून बसत्यात ते बी." आणि भीमरत्नला म्हणाली, "लाव हूक."

हा न्याय नव्हता. भीतीनं मिळालेली परवानगी होती, आणि मला ती घ्यायची लाज वाटत होती. भीमरत्नला वाटली नाही. त्यानं ड्रिल काढलं. भिंतीची माती त्याच्या डोक्यावर पडत होती, आप्पा रस्त्याकडं बघत होता.

नवी केबल चढली. जुनी उतरवायची वेळ आली तेव्हा भीमरत्नचा कामगार परशराम अर्ध्या शिडीवरनं खाली आला आणि मान हलवत बाजूला उभा राहिला. भीमरत्न स्वतः चढला. गाठ त्याला सुटली नाही, कापूनच काढावी लागली. दोन्ही गाठी त्यानं रुमालात बांधून घरी नेल्या. आई सोनुबाईनं त्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या, अंगठ्यानं दाबल्या.

"सैल न्हाय झाल्या," ती म्हणाली, आणि आत घेऊन गेली.

मग तो टिळकवाडीला गेला आणि महाग मशीन उचललं, कुणाचाही डबा चालवणारं. अमरदीपनं घरोघर बसवलेले डबे भिंतीवरनं काढावे लागू नयेत एवढ्यासाठी. तिथंही त्यानं लोहचुंबक लावलाच. पत्र्याचं खोकं, चिकटणारच. नागेंद्र श्वास धरून उभा होता. भीमरत्ननं तो काढला नाही. आजही मशीन निपाणीच्या खोलीत चालतंय आणि तो काळा तुकडा त्याच्या अंगाला तसाच आहे.

नवी केबल ढिली आहे, पोटात लोखंड नाही, गुणगुणत नाही. मी खाली उभा राहून ऐकलंय. पण ह्या वळवाला त्या गावात गेलो होतो. वारं उठलं तशी मालुबाई आतनं दारात आली, वर हुकाकडं बघितलं आणि म्हणाली, "लाव बाबा, लाव."

कट्ट्यावर भरमू आप्पा होता. वारं थांबेपर्यंत ती म्हणतच राहिली.