किड्याच्या पाठीवरचे सहा टाके

एका प्राध्यापकाने पुंडलिक शिंप्याला फसवले. पुंडलिकने काढलेले किड्यांचे फोटो नेले आणि स्वतःच्या नावाने पुस्तकात छापले. प्राध्यापकाचे नाव मी इथे लिहिणार नाही. ज्याने सबंध पुस्तकात पुंडलिकचे नाव कुठे घातले नाही, त्याचे नाव मी फुकट का छापून आणू?

पुंडलिकला जाऊन दीड महिना झाला. बातमी आली तेव्हा मी दारव्ह्याला एका घरी जुना कूलर पाहत होतो. नेरच्या बसस्टँडजवळ माझे जुन्या सामानाचे दुकान आहे. आठवडी बाजारात गोणपाटावर कुलपे-किल्ल्या मांडून मी सुरुवात केली आणि भाव पाडल्याशिवाय आजवर खिळाही विकत घेतला नाही. फोन पुंडलिकच्या घरून, वहिनींचा होता. "भाऊजी, हे गेले सकाळी," एवढेच त्या बोलल्या. मी फोन खिशात ठेवला, कूलरवाल्याने मागितला तेवढा भाव दिला आणि कूलर तिथेच विसरून बसमध्ये चढलो. नेर जवळ आले तेव्हा आठवले, गेले चार महिने मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो...

त्याचे शिलाईचे दुकान माझ्या दुकानाला लागूनच. कॅमेरा त्याला माझ्याच दुकानातून मिळाला. मागचा पडदा तडकलेला, कुणी घेत नव्हते. घरामागे त्याची हातभर बाग होती. कढीलिंब, लिंबू, जास्वंद, चार वांगी आणि कुंपणाला बेशरमची झाडे. तिथले किडे तो टिपायला लागला, पण फोटोत नुसता ठिपका यायचा. मग त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिले की जुन्या कॅमेऱ्याची लेन्स उलटी लावली तर मुंगी उंदराएवढी दिसते. यवतमाळला एक स्टुडिओ बंद पडत होता, तिथून लेन्स आणायला मी निघालो तर म्हणाला, "शेठ, उलटी लावाची हाये म्हन, अर्धाच भाव सांग त्याले!" लेन्स आली. नळाच्या फिटिंगमधला एक प्लास्टिकचा तुकडा घासून त्याने ती कॅमेऱ्यावर उलटी बसवली.

अशा लेन्सने फोटो काढणे म्हणजे छळ आहे, मी करून पाहिले आहे. किड्यापासून चार बोटांवर जावे लागते आणि श्वास घेतला तरी चित्र पुसट होते. पुंडलिकला जमायचे, कारण तीस वर्षे सुई ओवताना तो श्वास धरत आला होता. सकाळी मशीनवर बसण्याआधी, दवाने किडे गारठलेले असताना, तो उकिडवा बसायचा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने किड्यांची पाठ नुसती चमकायची म्हणून त्याने श्रीखंडाचा पांढरा डबा कापून लेन्सभोवती बसवला, म्हणजे उजेड मऊ होऊन पडे. एकदा डबा हातातून पडून तडकला. मी म्हणालो, "अबे, दुसरा देतो ना, कायले जीव लावते?" तर म्हणाला, "याचा उजेड आता माह्या ओळखीचा झाला." आणि शिंपीच तो... काळ्या दोऱ्याने तडा शिवून टाकला. सहा टाके, चौथा जरा तिरपा. वहिनींनी मागून हाक मारली म्हणून तो तिरपा पडला, असे तो दर वेळी सांगायचा.

किड्यांची नोंद तो मापाच्या वहीत करी. एका पानावर गिऱ्हाइकाची छाती-कंबर, पुढच्या पानावर किडा: 'अंगात हिरवा कोट, मागे दोन बटणं, मुक्काम लिंबू.' नावाची जागा मात्र कोरी. त्याला नावे ठाऊक नव्हती आणि ती कोरी जागा त्याला खुपत असे. "गिऱ्हाइकाचं नाव मालूम नसलं तं कपडा कोनाले देऊ?" म्हणायचा.

त्या प्राध्यापकाला मीच त्याच्याकडे नेले, हेही लिहितो. जुनी दुर्बीण पाहायला माझ्या दुकानात आला होता, कीटकांचा अभ्यास करतो म्हणाला. मी मोठ्या ऐटीत शेजारी घेऊन गेलो. सगळे फोटो त्याने दोनदा पाहिले. मग म्हणाला, सगळे द्या, प्रत्येकाचे नाव शोधून पाठवतो. पुंडलिकने पेनड्राइव्ह काढून दिला. मी त्याला बाजूला ओढले. "लिहून घे त्याच्याकडून." "कायले? मास्तर मानूस हाये." "एक नक्कल तरी ठेव बे!" "नावं लिहून परत देतो म्हनते ना तो." कॅमेऱ्यातले कार्ड एकच, ते तो पुसून पुन्हा वापरायचा. म्हणजे जे होते ते त्या पेनड्राइव्हमध्ये. तो पेनड्राइव्ह आजतागायत परत आलेला नाही.

दोन वर्षांनी एका शिक्षकाने मला पुस्तक आणून दाखवले. मुखपृष्ठावर बेशरमच्या पानावरचे सोनपाखरू. मी दागिने पाहायचे भिंग लावले. पाठीवर जिथे उजेड चमकला होता तिथे डब्याचे पांढरे प्रतिबिंब आणि त्यात काळे सहा टाके, चौथा तिरपा. प्राध्यापकाला फोन लावला. म्हणाला, "सोनपाखरं सगळीकडेच असतात. फोटो माझ्या संग्रहातले आहेत." मी तसाच पुस्तक घेऊन पुंडलिककडे गेलो. वाटले, हा आता उठेल, आम्ही दोघे त्या कॉलेजात जाऊन उभे राहू. त्याने पुस्तक उघडले, मापाची वही काढली आणि एकेका किड्याचे नाव पाहून कोऱ्या जागी लिहायला लागला.

"काय करून राह्यला तू?"

"नावं भेटली ना, शेठ."

"आन तुहं नाव?"

"ते मले मालूम हाये."

मी त्याला नाही नाही ते बोललो. बावळट म्हणालो, भित्रा म्हणालो. त्याने मान वर केली नाही, फक्त हात थांबला. "किड्यापायी भांडू नोको," एवढेच म्हणाला. मी दुकानात परतलो आणि नंतर त्याच्या दारावरून जाताना नजर समोर ठेवली. चार महिने. तो भित्रा होता की माझ्यापेक्षा मोठा होता, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि आता विचारायला तो नाही. त्यामुळे माझा राग आहे तिथेच आहे, उलट वाढला आहे.

तेराव्यानंतर वहिनींनी मापाची वही आणि डबा माझ्या हाती दिला. वहीत शेवटच्या सात पानांवर नाव नाही. ते किडे पुस्तकात नव्हते. डबा मी गल्ल्याशेजारी ठेवला आहे. गिऱ्हाइके भाव विचारतात. मी सांगतो, हा विकायचा नाही.

तर सर, तुम्ही हे वाचालच, वाचले नाही तर कोणी वाचून दाखवेल. तुमच्या पुस्तकातला कुठलाही चकचकीत पाठीचा किडा काढा आणि भिंग लावा. फोटो तुमचे असतील तर तसा डबा तुमच्याकडेही असेल. तो घेऊन नेरला या. बसस्टँडवर कोणीही माझे दुकान दाखवील. चार लोकांसमोर दोन्ही डबे शेजारी ठेवू आणि तुम्ही एवढेच सांगा, चौथा टाका घालताना मागून तुम्हाला कोणी हाक मारली होती?