ठोंब्याच्या रक्ताची काच

जनावरांच्या दवाखान्यात मागच्या अंगाला एक चिंचोळी खोली होती. तिथे भिंगताई एकवीस वर्षं रक्त तपासत आली. खरं नाव फक्त पगारपत्रकात. बाकी सगळ्यांच्या तोंडी भिंगताईच. काचपट्टीवर थेंब पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. कुणी नवखं आलं की ती कौतुकाने दाखवायची, "ही कोंबडीची तांबडी पेशी, लांबट, मधे केंद्रक. आणि ही कुत्र्याची. केंद्रकाचा पत्ताच नाही! प्राणवायू वाहायला जागा हवी ना, म्हणून बाईसाहेबांनी घरातलं सामानच बाहेर काढलंय."

घरी ती आणि तिचे सासरे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने पिल्लू असताना आणलेला ठोंब्या कुत्रा तेवढा मागे राहिला होता, आडदांड आणि जरा मठ्ठच. सून-सासरे मनातलं एकमेकांना सांगत नसत, ठोंब्याला सांगत. धिप्पाड म्हणून तो दवाखान्यात रक्तही द्यायचा. गाडीखाली सापडलेली पाववाल्याची कुत्री त्याच्याच रक्तावर वाचली होती.

एका सकाळी ठोंब्या जिना चढता चढता मधेच बसला. सासऱ्यांनी त्याचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक.

भिंगताईने स्वतः रक्त काढलं. काचेवर थेंब टाकताच त्याच्या गुठळ्यागुठळ्या दिसल्या. भिंगाखाली तांबड्या पेशी बारीक, घट्ट गोळ्यांसारख्या दिसत होत्या. मधला फिकट ठिपका गायब. पांढऱ्या पेशींचं काम बाहेरून आलेले जंतू ओळखून मारायचं. ठोंब्याच्या अंगातल्या या रखवालदारांची ओळखच चुकली होती. घरच्याच तांबड्या पेशींचे ते लचके तोडत होते.

"ताई, आज तुम्ही पेशी मोजू नका, मी बघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको. मोजते मीच," ती म्हणाली. तीनदा मोजलं. आकडा तोच.

बातमी कळताच पाववाला कुत्रीला घेऊन धावत आला. "हिचं घ्या. लागेल तेवढं घ्या."

"घेता येत नाही हो," भिंगताई म्हणाली. "जिला एकदा दुसऱ्याचं रक्त चढलंय, तिचं दुसऱ्याला चालत नाही." तो बिचारा पट्टा हातात धरून दारातच उभा राहिला.

दुसरा कुत्रा मिळाला, रक्त चढवलं, औषधंही चालू झाली. पण ठोंब्याच्या अंगाने त्या नव्या पेशीही फोडल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी न्यायला सांगितलं.

संध्याकाळी त्याच्याजवळ बसून सासऱ्यांनी विचारलं, "नेमकं झालंय काय याला? खरं सांग."

तिने सांगितलं. त्यांनी ठोंब्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "माझ्या पोराच्याही रक्तातच काहीतरी होतं ना? तेव्हा तू सांगत होतीस, मी ऐकलंच नाही. आता सांग."

"त्यांचं वेगळं होतं, बाबा. हाडांतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथे अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींचं रान माजलं. तांबड्यांना जागा उरली नाही, आणि रक्त थांबवणाऱ्या त्या बारीक चकत्या असतात ना, त्यांनाही नाही."

"आणि पत्र्यावरून पडला ते?"

"त्याचं काय?"

"मीच चढवलं होतं त्याला. पडला, अंगभर काळानिळा झाला, आणि तिथून दुखणं लागलं." सासरे म्हणाले. "सहा वर्षं हेच उराशी घेऊन बसलोय मी."

भिंगताई त्यांच्याजवळ सरकली. एका छपराखाली राहून तिला याचा थांगही लागला नव्हता.

"बाबा, पडल्याने असं दुखणं होत नाही. दुखणं आधीपासून होतं. चकत्या कमी होत्या म्हणून एवढं काळंनिळं झालं. अंगात त्राण नव्हतं, कदाचित म्हणूनच तोल गेला असेल."

"नक्की?"

"मी स्वतः त्यांच्या रक्ताची काच पाहिली होती."

ते ठोंब्याच्या कानामागे बोटं फिरवत राहिले.

सकाळी ठोंब्या गेला. सासरे हमसून हमसून रडले. मुलगा गेला तेव्हाही असे रडले नव्हते. भिंगताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. दवाखान्यातून तीनदा फोन आला. तिने उचलला नाही.