सेफ्टीवाल्या काकांचं कुलूप

जगातली निम्मी भीती एकट्याने वाहणारा माणूस मी पाहिला आहे, आणि तो भोपाळला, पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या क्वार्टरमध्ये राहत होता. सगळी वसाहत त्यांना सेफ्टीवाले काका म्हणायची. मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती, आमच्याच कारखान्यात सुरक्षा विभागात इन्स्पेक्टर. घाबरायचाच पगार मिळतो तर निदान ते काम घरी आणू नये, एवढी काकूंची माफक अपेक्षा होती. पण काका रोज ओव्हरटाइम करायचे. हबीबगंजहून गाडी पकडायची तर तीन तास आधी हजर, आणि प्लॅटफॉर्मवर पाठ भिंतीला टेकवून उभे. चर्चमध्ये जागा कायम दाराजवळची. आंबा चोखायचा नाही, कापून, आत डोकावून मगच तोंडात. आमच्या गणपतीच्या रोषणाईला त्यांचा टेस्टर लागल्याशिवाय आरती सुरू होत नसे. एका वर्षी त्यांनी ऐन आरतीत प्लग उपटला. वडील भडकले, तर शांतपणे म्हणाले, "देवाला काही होत नाही हो, तुमच्या पोरांना होईल." उरलेली आरती आम्ही समईच्या उजेडात आटोपली. मी तेव्हा नवाकोरा इलेक्ट्रिकल इंजिनियर, कँटीनमध्ये त्यांची हुबेहूब नक्कल करून फुकटचा चहा मिळवायचो. ते असे का, हे मात्र कधी विचारलं नाही. गॅसकांडानंतर भोपाळात कोणाला भीतीचं कारण विचारायची पद्धत नाही.

तर अशा माणसाच्या चर्चमधली दहा-बारा मंडळी तीन आठवड्यांसाठी आफ्रिकेतल्या एका खेड्यात सेवेला जायची ठरली. तिथल्या मिशनच्या छोट्या दवाखान्याला बाळंतिणींची खोली बांधून द्यायची होती. काकांचं नाव यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, वायरिंग कोण करणार? पाळकसाहेब म्हणाले, "करेल तिथलाच कोणीतरी. आत्ताच्या इमारतीत पण अर्थिंग वगैरे कुठे आहे?" झालं. काका घरी आले ते जेवलेच नाहीत. "बाळंतिणीची खोली आणि अर्थिंग नाही?" हे एकच वाक्य ते काकूंना, मला, दूधवाल्याला ऐकवत राहिले. चौथ्या दिवशी जाऊन नाव देऊन आले. विमानाची भीती होती, सापांची होती, मलेरियाची होती, पण या अर्थिंगने सगळ्यांवर कडी केली. निघताना त्यांचा हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. मी मात्र हसत होतो.

तीन आठवड्यांनी परत आले ते धडधाकट, थोडे काळवंडलेले, आणि चक्क खुशीत. ती खुशी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी दिवेलागणीला पाळकसाहेबांकडून निरोप आला की आफ्रिकेहून फोन आहे, ताबडतोब या. जन्मात स्कूटरवर न बसलेला हा माणूस माझ्या मागे बसला आणि वाटभर माझा शर्ट मुठीत धरून होता.

फोनवर दवाखान्याची सिस्टर होती. झालं होतं ते असं. आमच्या कारखान्यात दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, वर नावाचं लाल कार्ड टांगायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा दंडक आहे. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. काकांनी तिथेही दवाखान्याच्या मेनला तेच केलं. तीन आठवडे सगळ्यांना हेच घोकायला लावलं. शेवटच्या दिवशी अखेरची तपासणी चालली होती, तेवढ्यात जीप आली, विमान चुकेल म्हणून काकांची गाळण उडाली आणि ते तसेच जीपमध्ये चढले. किल्ली कारखान्याच्या जुडग्यात अडकून भोपाळला आली. तिकडच्या भल्या माणसांनी पाच-सहा रात्री कंदिलावर काढल्या, पण काकांच्या कुलपाला बोट लावलं नाही. किल्ली पोस्टाने येईल म्हणून थांबले होते. आज मात्र एक बाई बाळंतपणात अडली होती. शहरातून डॉक्टर आला होता, त्याला ऑपरेशन करायचं होतं, आणि दोन तासांत तिकडे अंधार पडणार होता.

"तोडायला सांगा की," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. "तारांच्या जोडाचा शेवटचा डबा मी बंद केला का रे? आठवत नाहीये. तार उघडी असली आणि त्या बाईचा हात लागला तर?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: कुलूप तोडून मेन चालू केला की त्या उघड्या तारेत वीज येणार. मी इंजिनियर, आणि मला हे सुचलंच नव्हतं.

मग काकांनी त्यांच्या कारखानी इंग्रजीत सिस्टरला खोलीभर फिरवलं. दारापासून सुरुवात. पहिला डबा, झाकण आहे का? जा, बघून ये, हात लावू नकोस. ती जायची, परत यायची, सांगायची. तेवढा वेळ काका डोळे मिटून उभे, ओठ हलत होते. सातव्या डब्याला झाकण नव्हतं.  मेन बंद असूनही कोरडी काठी कुठची घ्यायची, पायाखाली काय ठेवायचं, तारा कशा झाकायच्या, सगळं तिच्याकडून तीन-तीनदा वदवून घेतलं. टेबल भिंतीपासून लांब ओढायला लावलं. आणि मग, तीस वर्षं दुसऱ्याच्या कुलपाकडे नुसतं बघणाऱ्यालाही मेमो देणारे काका म्हणाले, "तोडा."

बराच वेळ फोनमध्ये नुसती खरखर. मग सिस्टर म्हणाली, दिवे लागले. काकांनी फोन ठेवला आणि ते तिथेच फरशीवर बसले. बाई आणि बाळ दोघं सुखरूप असल्याचं सकाळी कळलं, तोवर आमचा जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी काकांनी अपघाताचा छापील फॉर्म भरून साहेबांना दिला. दोषी कर्मचारी म्हणून स्वतःचं नाव. साहेब हसून म्हणाले, "अरे, ये हमारे प्लांट का थोड़े ही है." काका हटले नाहीत. 'पुन्हा असे होऊ नये म्हणून उपाय' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'दरवर्षी स्वतः जाऊन पाहणे.' आणि रिटायर झाल्यावरही ते दरवर्षी गेले. प्रत्येक वेळी तितकेच थरथरत. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं.

"तू जाशील का रे? फक्त बघून यायचं."

वसाहतीत ज्यांची सगळ्यात जास्त टिंगल मी केली, त्यांच्यासमोर मला नजर वर करता येईना. विमान, परका देश, आणि चूक झाली तर... "काका, मला भीती वाटते," मी म्हणालो.

काका एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "मग तूच जा," म्हणाले.

काकांना वारून आता सहा वर्षं झाली. मी अजून तिकडे गेलेलो नाही.