पत्रिकेतून गाळलेला 'खुर्द'

आमच्या भागात पिंपळगावं किती, हे मी एकदा एस.टी.च्या पाट्या वाचून मोजायला घेतलं आणि नवव्याला थांबलो. गावाजवळ पिंपळ असला की झालं पिंपळगाव. मग ओळख पटावी म्हणून पुढं खुर्द किंवा बुद्रुक. दोन्ही शब्द फारसीतले: खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर गावांचं दप्तर उर्दूतून मराठीत आलं, हे शब्द मात्र टिकले.

माझी सासुरवाडी पिंपळगाव खुर्द. तिथं हायस्कूल, दवाखाना, आठवडी बाजार. बुद्रुकमध्ये यातलं काहीच नाही. त्यामुळं धाकटं म्हणवून घेणं खुर्दकरांना पटत नसे. सासऱ्यांनी तर लग्नपत्रिकेत नुसतं 'पिंपळगाव' छापलं.

मुलगी आम्ही शहरात तिच्या मामांकडं पाहिली होती, साखरपुडाही शहरातच झाला. गाव कुणीच पाहिलेलं नव्हतं. मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा. आम्ही सेहेचाळीस जण बसनं निघालो आणि अकरा पस्तीसला बुद्रुकच्या पारापाशी उतरलो. मांडव नाही, वाजंत्री नाही.

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं आमचे फेटे पाहिले. "खुर्दचं वऱ्हाड ना? खुर्द लिवायची लाज वाटली व्हय त्याला?"

"आबा, मुहूर्त टळतोय हो!" वडील रडकुंडीला आले.

"टळत नाय. गाडीला वळसा अठरा किलोमीटरचा, नाल्यातून पायी दोन. चला, पोचवतो. पर त्यानं माइकवर गावाचं पुरं नाव घ्यायचं."

वयस्कर मंडळी बैलगाडीत बसली. बाकीच्यांनी वाळूत रुतणाऱ्या चपला हातात घेतल्या आणि कोरडा नाला ओलांडला. मागून बुद्रुकची माणसंही निघाली. मी सत्तरपर्यंत मोजली, पुढं नाद सोडला.

बारा अकराला मांडव दिसला. सासरे धावत आले, तर आबा दारातच आडवे उभे. "आधी माइक."

सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं, आबांना पाहिलं. माइक घेतला. "पिंपळगाव..." इथं जरा थांबले. "...खुर्द इथं आलेल्या वऱ्हाडाचं, आणि आमच्या थोरल्या गावाचं, स्वागत!"

टाळ्या थांबेपर्यंत दोन मिनिटं गेली. चार शिल्लक असताना मी पाटावर उभा राहिलो. अंतरपाटाच्या पलीकडून हसू ऐकू येत होतं आणि गुरुजी नवरीला गप्प करत होते.