भरलेला तांब्या

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी वकिलाकडे कारकून होतो. अपघातातल्या आमच्या जखमींना विमा कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणीला न्यायचो. कुणी कण्हलं की डॉक्टर चष्मा पुसत म्हणायचे, "नाटक नको." माझं डोकं तापायचं.

एकदा टेम्पोने उडवलेली बाई आली. डॉक्टरांनी नेहमीसारखा भरलेला तांब्या उजव्या हाताने उचलायला लावला. बोटं आवळेनात, तांब्या निसटला. दुखणं विसरून बाई पदराने फरशी टिपू लागली. "माफ करा सायेब, लई पानी सांडलं."

"औंदा मुद्दाम पाणी कोण सांडतंय?" म्हणत त्यांनी कंपनीच्या कागदावर लिहिलं, उजवा हात निकामी. मग स्वतःच्या माठातलं उरलेलं पाणी तांब्यात ओतलं आणि तो तिच्या डाव्या हातात दिला.