मिथेन बघणाऱ्या आरशाची चौकट

नववीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. पण अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये उपग्रहाचा एक भाग बनायला लागला आणि आठवड्याला एक तरी किस्सा साचायला लागला. मित्रांना सांगताना मी निम्मं विसरतो आणि निम्मं लाजून गिळतो. म्हणून लिहिलं.

भाग म्हणजे परातीएवढी ॲल्युमिनियमची चौकट. तिच्यात आरसा बसणार, आणि उपग्रह वरून बघून मिथेन वायू कुठून निघतो ते सांगणार. मशीनवर मी. फिटिंगला पोपटकाका, विंचूरकडचे.

*

काम देणाऱ्या कंपनीच्या मॅडम पहिल्या दिवशी समजावत होत्या. कचरा डेपो, भातशेती, गुरं, सगळीकडून मिथेन निघतो.

काकांनी विचारलं, "माझ्या दोन म्हशी दिसतील का वरून?"

"दोन नाही दिसणार, काका. मोठा डेपो दिसेल, मोठी गळती दिसेल."

"मग ठीक हाय. म्हशी लय लाजाळू हायेत."

*

पहिली चौकट आठ ग्रॅम जास्त भरली. मॅडमनी परत केली.

काका म्हणाले, "आठ ग्रॅम म्हणजे माझा दोन दिवसांचा तंबाखू."

मॅडम म्हणाल्या, "तो वर न्यायचा तर रॉकेट लागतं."

मग वजन कमी करायला आम्ही चौकटीला आतून खिसे, म्हणजे खळगे, पाडत बसलो. काका मान हलवत होते. "सगळी नोकरी मालक म्हणाले, मजबूत कर. आता म्हणतात, पोखर."

*

चौकट धुऊन पॅक करायला वर्कशॉपच्या शेठनी काचेची स्वच्छ खोली बांधली. आत जाताना झगा, हातमोजे, केसांना जाळीची टोपी. काकांच्या डोक्यावर एक केस नाही, पण मिशी झुपकेदार. त्यांनी टोपी हातात घेऊन बराच विचार केला आणि मिशीला लावली.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे."

*

सिडकोत मुलगी बघायला गेलो. आईने आधीच सांगून ठेवलं होतं, मुलगा सॅटेलाइटचं काम करतो.

मुलीचे वडील खूश झाले. "बरं झालं आलात. आमची डिश आठवडाभर बंद आहे."

नाही म्हणायला मला जमत नाही. पोहे खाऊन गच्चीवर गेलो, डिश फिरवली, सगळे चॅनेल लागले. निरोप अजून आला नाही.

*

आता शेवटचा किस्सा. दुसरी चौकट धुतल्यावर मॅडमनी स्वतः मोजली. वजनात बसली, मापात बसली. शेठ म्हणाले, "ही पास झाली तर पुढच्या सहा आपल्याकडे. नापास झाली तर काम दुसरीकडे जाईल." सकाळी मॅडम परत येऊन शेवटचं तपासून नेणार होत्या.

संध्याकाळी काचेच्या खोलीत मी ती पिशवीत घालत होतो. आमच्या धंद्यात कड गुळगुळीत झाली का, ते अंगठा फिरवून बघतात. हातमोज्यातून राहिलेली बारीक धार कळत नाही. मी उजवा हातमोजा काढला आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड झकास होती.

मग आठवलं. मॅडम म्हणाल्या होत्या, बोटाचं तेल अंतराळात उडतं आणि आरशावर जाऊन बसतं. मग आरसा धुरकट, आणि मिथेन दिसत नाही. खोलीत कोणी नव्हतं. मी पिशवी बंद करून घरी गेलो. जेवण गेलं नाही.

सकाळी मॅडम, शेठ आणि काका त्याच खोलीत टेबलाभोवती उभे होते. मॅडमनी पिशवीला हात लावला तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, काल मी आतून अंगठा फिरवला. हातमोजा काढून."

मग काकांनी मिशीवरची जाळी सारखी केली. "म्या बी फिरवला. दुपारी."

शेठनी घसा साफ केला. "मी पण. एकदाच."

मॅडम म्हणाल्या, "आत्ता कळलं ते बरं. वर गेल्यावर पुसायला कोणी जात नाही. धुऊन, भट्टीत तापवून परत तपासू. तसं केलं की ती पास."

त्यांनी चौकट बाहेर काढली आणि तिच्यावर निळा टॉर्च मारला. आतल्या कडेवर चार ठसे चमकले.

मॅडमनी टॉर्च जरा लवकरच बंद केला आणि आपला हात झग्याच्या खिशात घातला. मी काही न विचारता स्पिरिट आणि कापड आणायला गेलो.