पाच नंबर बेडची बोटं

“परत हात हलायला लागले. सेडेशन वाढवा,” डॉक्टर म्हणाले आणि मी पंपाकडे वळले.

सेडेशन म्हणजे गुंगीचं औषध. पाच नंबर बेडवर नरसम्मा होत्या. वय पासष्ट, न्यूमोनिया, सहा दिवस व्हेंटिलेटरवर. गुंगी उतरल्याशिवाय पेशंट स्वतः नीट श्वास घेत नाही, आणि नरसम्मांची गुंगी जरा कमी केली की त्या तळमळायच्या. दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तर तोंडातली नळीच ओढायला गेल्या. तेव्हापासून त्यांचे दोन्ही हात कॉटच्या कठड्याला पट्टीनं बांधलेले. बांधले मीच. आयसीयूची इन्चार्ज सिस्टर मी, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली. मला कोण शिकवणार!

उद्या सकाळी त्यांच्या गळ्याला भोक पाडून तिथून नळी बसवायची, असं ठरलं होतं. लेक संमतीचा फॉर्म हातात घेऊन बाहेर बसली होती. मला म्हणाली, “सिस्टर, भोक पाडल्यावर अम्मा परत बोलंल की न्हाई?”

“बघू,” मी म्हटलं. आमच्या धंद्यातला हा लई वाईट शब्द.

तर मी पंपाचं बटण दाबणार, तेवढ्यात भाग्या म्हणाली, “मॅडम, एक मिनिट थांबा की.”

भाग्या आमची स्टाफ नर्स. इथल्याच भवानी पेठेतली, घरात तेलुगू बोलणारी. आठवडाभराच्या रजेवरून त्याच सकाळी आली होती. राऊंडमध्ये मधे बोललेलं मला अजिबात खपत नाही. मी डोळे वटारले. ती माझ्याकडे बघतच नव्हती, नरसम्मांच्या बोटांकडे बघत होती.

“सर, ही तळमळ नाही. त्या विड्या वळतायत.”

डॉक्टर हसले. पुण्याहून आलेले, हुशार माणूस. “डेलिरियम आहे, सिस्टर,” म्हणाले. डेलिरियम म्हणजे आजारात होणारा भ्रम. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, पेशंट भलतंच काहीतरी करत बसतो.

“असेल सर. पण बघा तरी. डाव्या हातात पान धरलंय. उजव्या चिमटीनं तंबाखू भरतायत. आता वळलं. आता नखानं तोंड दुमडलं. हात बांधलेत म्हणून अर्धं काम इकडं, अर्धं तिकडं चाललंय. माझ्या आईनं जन्मभर हेच केलं, मी झोपेत पण ओळखीन.”

मग ती वाकली आणि नरसम्मांच्या कानाशी तेलुगूत काहीतरी म्हणाली. दोन्ही हातांची बोटं थांबली. जागच्या जागी.

“काय म्हणालीस गं?”

“अम्मा, पानं संपली.”

सहा दिवस आम्ही सगळे त्या बाईला ‘हात दाबा, डोळे उघडा’ म्हणून ओरडत होतो. तिनं कुणाचं काही ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. “सेडेशन बंद. मशीनचा आधार कमी करून बघू. पण हात सोडायचे आणि नळी ओढली तर?”

“तर जबाबदारी माझी,” मी म्हटलं.

भाग्यानं ग्लोव्हजच्या पाकिटातला कागद घेतला आणि विडीच्या पानाएवढे तुकडे कापले. कॉटची डोक्याकडची बाजू वर केली. मांडीवर उशी, उशीवर स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये कागद आणि थोडा दोरा. मग तिनं पट्ट्या सोडल्या. मनगटावर लाल वळ उठले होते. ते बघून मला मान वर करवेना.

नरसम्मांनी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ट्रे चाचपला. एक तुकडा उचलला. वळला. दुसरा उचलला.

अर्ध्या तासानं त्यांचा उजवा हात एकदम तोंडाकडे गेला. मी झेप घेतली. भाग्यानं माझंच मनगट धरलं. “थांबा मॅडम.” नरसम्मांनी कपाळावरचे केस मागे सारले आणि हात परत ट्रेमध्ये नेला. अगं बाई!

दुपारपर्यंत मॉनिटरवर सगळं ठीक होतं. श्वास त्यांचा त्या घेत होत्या. दोन वाजता डॉक्टरांनी नळी काढली. खोकला झाला, पाणी मागितलं, आणि घोगऱ्या आवाजात त्या तेलुगूत पहिलं पूर्ण वाक्य बोलल्या. भाग्या हसून हसून लाल.

“म्हणतायत, पान किती कोरडं आहे, भिजवलं नाही का? तुला आईनं काय शिकवलं?”

बाहेरच्या लेकीला मी स्वतः आत आणलं. अम्मानं तिलाही दोन शब्द ऐकवले. पोरगी रडत रडत ऐकत होती. फॉर्म तसाच कोरा परत आला.

भाग्याला मी सगळ्यांसमोर म्हटलं, “माझ्या इतक्या वर्षांत असं काम बघितलं नाही.” ती म्हणाली, “त्यात काय मॅडम,” आणि सात नंबरचं सलाईन बदलायला गेली.

संध्याकाळी नोट्स लिहायला फाईल उघडली. पहिल्याच पानावर व्यवसायाचा रकाना असतो. त्यात ‘घरकाम’ लिहिलं होतं. लेकीला कुणी विचारलंच नव्हतं. अक्षर माझं होतं.